जुनी बारा बोअर, नवं काडतूस : बसलं म्हणजे चाललं असं नाही

मनमाड : नांदगाव, येवला, चांदवड, मालेगाव या भागांतल्या काही जुन्या घरांमध्ये आजही परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. कुणाच्या आजोबांनी मळ्याच्या राखणीसाठी घेतलेली, कुणाकडे फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर घरी येते आणि पुन्हा कपाटात जाते. काही जण तीच बंदूक घेऊन बँकेच्या रोकड गाडीवर किंवा पेट्रोल पंपावर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात.

बंदूक चाळीस, साठ, कधी शंभर वर्षांची असते. काडतूस मात्र आजच्या दुकानातलं असतं. घोळ इथेच होतो. दुकानात "बारा बोअरची द्या" एवढंच सांगून खोकं घेतलं जातं. काडतूस नळीत सहज बसतं, बंदूक नीट बंद होते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण काडतूस बसणं आणि ते त्या बंदुकीला सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळी फुटलीच तर ती बहुतेक वेळा चेंबरपाशी किंवा त्याच्या पुढे, नळीखाली धरलेल्या हाताजवळ फुटते. बोटं आणि डोळे जातात ते त्यामुळेच.

65 की 70? खरा सापळा लांबीचा

आधी बोअर म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. नळीचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर भरतो. आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअरची नळी साधारण 15.6 मिलिमीटरची असते.

बारा बोअर हा झाला जाडीचा हिशेब. लांबीचा हिशेब वेगळा, आणि तोच बहुतेकांना ठाऊक नसतो. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घराला चेंबर म्हणतात. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेलं असतं. पुढे पावणेतीन इंच म्हणजे 70 मिलिमीटरचं चेंबर रूढ झालं. तीन इंचाचं, म्हणजे 76 मिलिमीटरचं मॅग्नम त्याहून जोरदार.

काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडालेल्या काडतुसाची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं. त्यामुळे 70 मिलिमीटरचं काडतूस उडण्याआधी मोजलं तर साठच्या आसपासच भरतं. साहजिकच ते 65 च्या चेंबरमध्ये अडखळत नाही. बार झाला की तोंड उघडतं, पण उघडायला पुढे जागा नसते. चेंबर संपून नळी जिथे निमुळती होते तिथे ते तोंड शिरतं. छर्रे आणि वॅड यांना त्या अरुंद जागेतून निघावं लागतं आणि मागचा दाब वाढतो.

उडालेलं एक नळकांडं आणि एक भरलेलं काडतूस शेजारी ठेवून पट्टीने मोजलं तर हा फरक कुणालाही दिसतो. म्हणून नियम असा : 70 च्या चेंबरमध्ये 65 चं काडतूस चालतं, 65 च्या चेंबरमध्ये 70 चं चालवू नये. एकदा उडवलं आणि काही झालं नाही, हा पुरावा नव्हे. नळीला बसलेला ताण बाहेरून दिसत नाही.

आधी नळी वाचा, मग खोकं

मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर बनतात, त्यामुळे ही गोष्ट इथल्या माणसाला लगेच कळेल. पुलावर किती भार जाणार हे ठरवून पूल बांधतात आणि त्याप्रमाणेच गाडी सोडतात. बंदुकीचंही तसंच. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी नळीत नेहमीपेक्षा जोरदार बार उडवून ती तपासली जाते. त्याला प्रूफ म्हणतात. नळी टिकली तर तिच्यावर शिक्के मारतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 पासून हे काम करतं. लंडनचं, बेल्जियममधल्या लिएजचं आणि इतर देशांचीही अशी केंद्रं आहेत.

हे शिक्के बघायला बंदूक रिकामी करून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्या लागतात. नळ्यांच्या मागच्या टोकाला, खालच्या सपाट भागावर बारीक अक्षरं आणि आकडे असतात. त्यात मुख्यतः चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, दारू कोणती. काळी दारू म्हणजे जुनी, धूर करणारी बारूद. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते, तिला नायट्रो म्हणतात. जुन्या इंग्लिश नळीवर "नायट्रो प्रूफ" हे शब्द, किंवा मुकुटाखाली "एनपी", नंतरच्या काळात "बीएनपी" असं असेल, तर ती नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली होती. यातलं काहीच नसेल तर ती फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली असू शकते. इथे एक गैरसमज होतो. बर्मिंगहॅमच्या जुन्या नळ्यांवर मुकुटाखाली "बीपी" असतं, ते पाहून काही जण "ब्लॅक पावडर" असा अर्थ काढतात. तो बर्मिंगहॅमच्या प्रूफचा शिक्का आहे, दारूचा नव्हे. अशा नळीवर "एनपी" वेगळं शोधायचं.

दुसरी, चेंबरची लांबी. इंग्लिश नळीवर 2½ किंवा 2¾ इंच, युरोपातल्या बऱ्याच नळ्यांवर 65 किंवा 70. फार जुन्या नळ्यांवर लांबी लिहिलेलीच नसते. तेव्हा ती 65 चीच धरून चालावं आणि मोजून खात्री करावी.

तिसरी, भार किंवा दाब. काही जुन्या नळ्यांवर छऱ्यांचं कमाल वजन लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 1⅛ औंस, म्हणजे 32 ग्रॅम. 1954 नंतरच्या इंग्लिश नळ्यांवर 3 टन, 3¼ टन असे आकडे दिसतात. तो दर चौरस इंचावरचा दाब. आकडा जितका लहान, तितकं हलकं काडतूस.

चौथी, नळीचा मूळ व्यास. 12 किंवा 13 असा आकडा, नंतरच्या काळात .729 असा दशांश. नळी गंजल्यावर आतून घासून चकचकीत केलेली असेल तर ती मूळ मापापेक्षा रुंद होते. म्हणजेच भिंत पातळ होते. मग शिक्का कितीही चांगला असला तरी तो त्या नळीचा राहत नाही.

"नॉट फॉर बॉल" असं लिहिलेली नळी हाती आली तर ती 19 व्या शतकाच्या अखेरची, चोक असलेली समजावी. तोंडाशी निमुळती असल्याने तिच्यातून अखंड गोळी मारू नये, असा तो इशारा आहे.

खोक्यावर काय पाहायचं

आपल्याकडे परवानाधारक दुकानात जी देशी काडतुसं मिळतात, त्यांतली "शक्तिमान" पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना 1869 पासूनचा. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. काडतूस कुणाचंही असो, खोक्यावर तीन आकडे वाचावेत : बोअर, लांबी आणि छऱ्यांचं वजन.

वजनाबाबत एक जुना ठोकताळा आहे. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने तो ओळखला जातो : बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट जड असावी. म्हणजे 2.7 किलोच्या बंदुकीला 28 ग्रॅम, 2.9 किलोच्या बंदुकीला 30 ग्रॅम, 3.1 किलोच्या बंदुकीला 32 ग्रॅम. हलक्या जुन्या दुनळीत 36 ग्रॅमचं काडतूस घातलं तर खांद्याला बसणारा धक्का वाढतो, दस्ता मानेपाशी चिरतो आणि सांधे लवकर सैल होतात. पण हा ठोकताळा धक्क्याचा आहे, नळीच्या ताकदीचा नाही. ताकद शिक्क्यावरूनच कळते.

इथे आणखी एक चूक होते. छर्रे कमी म्हणजे काडतूस सौम्य, असं धरलं जातं. तसं नसतं. नेमबाजीच्या स्पर्धेत 24 ग्रॅमची काडतुसं वापरतात. ती वजनाला हलकी असली तरी वेगवान असतात, आणि बहुतेक 70 मिलिमीटरच्या नळकांड्यात येतात. ग्रॅम कमी असूनही दाब भरपूर असू शकतो. म्हणून जुन्या बंदुकीसाठी दुकानदाराला "हलकं द्या" एवढं सांगून भागत नाही. "65 मिलिमीटर, 28 ते 30 ग्रॅम, शिशाचे छर्रे, मॅग्नम नको" असं स्पष्ट सांगावं.

शिशाचे छर्रे म्हणण्यालाही कारण आहे. परदेशात पाणथळ जागी शिशाला बंदी आल्यावर पोलादी छर्रे आले. पोलाद दबत नाही. जुन्या मऊ, पातळ नळीवर ते ओरखडे पाडतं आणि चोक असलेल्या तोंडाशी नळी फुगवू शकतं. परदेशी खोकं हाती आलं तर छर्रे कशाचे आहेत ते आधी पाहावं.

65 चं काडतूस मिळत नाही म्हणून काही जण आर्मररकडून चेंबर खरवडून 70 चं करून घेतात. त्यात नळीची भिंत नेमकी दाब सर्वांत जास्त असतो तिथेच पातळ होते. असं काम केलेली नळी पुन्हा प्रूफ तपासणीतून गेल्याशिवाय वापरण्याजोगी नसते. घरी काडतुसाचं तोंड कापून ते आखूड करणं तर त्याहून वाईट.

नक्षीदार नळी

काही जुन्या नळ्यांवर लाटांसारखी किंवा वेलबुट्टीसारखी नक्षी दिसते. ती वरून काढलेली नसते, धातूतच असते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकत ती नळी घडवलेली असते. तिला दमास्कस म्हणतात. सांधे शेकडो असल्याने गंज आत कुठे शिरला ते बाहेरून कळत नाही. अशा काही नळ्या नायट्रोसाठीही तपासून पास झालेल्या आहेत, हे खरं. पण ज्या दमास्कस नळीवर नायट्रोचा शिक्का नाही, तिच्यात आजचं कोणतंही काडतूस घालू नये. घरची आठवण म्हणून ती जपावी, उडवू नये.

ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू

परवान्यावर बंदुकीचा प्रकार अक्षरांत लिहिलेला असतो. एसबीबीएल म्हणजे मागून भरायची एकनळी, डीबीबीएल म्हणजे मागून भरायची दुनळी. एसबीएमएल म्हणजे तोंडाकडून भरायची एकनळी, आपल्याकडची ठासणीची बंदूक. 1959 च्या शस्त्र कायद्यातही पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

या बंदुकीचा नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही : तिच्यात काळ्या दारूशिवाय काही घालायचं नाही. आजचं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणं म्हणजे हात गमावणं. बिनधुराची दारू थोड्या मापात फार मोठा जोर देते. काळ्या दारूच्या सवयीने तेवढंच माप भरलं तर नळी टिकत नाही. अंदाजाने मूठभर दारू ठासण्याची जुनी पद्धतही सोडावी, ठरलेलं माप वापरावं.

वीस बोअरचं काडतूस वेगळ्या डब्यात

घरात बारा आणि वीस, अशा दोन बोअरच्या बंदुका असतील तर जास्त सांभाळावं लागतं. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये गेलं तर ते चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. तो बारा बोअरचं काडतूस घालतो आणि चाप ओढतो. पुढे अडकलेल्या काडतुसामुळे नळी फुटते. हा अपघात जगभर इतक्यांदा झाला की वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात करायची पद्धत पडली. पण जुन्या साठ्यातला रंग भरवशाचा नसतो. दोन्ही काडतुसं एका खिशात किंवा एका डब्यात ठेवू नयेत.

कुंभारीण, चिंधी आणि फुसका बार

भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. पुसायला घातलेली चिंधी आत राहून जाते. बांधावर पाय घसरला की तोंडात चिखल जातो. यांतलं काहीही असताना बार झाला तर योग्य काडतूसही नळी फोडतं. म्हणून भरण्याआधी दर वेळी नळी मागून उजेडाकडे धरून आरपार पाहावी.

तसं पाहताना आत अंगठीसारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली असते. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. बाहेरून पोचा असेल तर तोही मोजायचा. नळ्या जोडून हलवल्यावर मागच्या बाजूला खटखट होत असेल तर कुलूप झिजलं आहे. ही लक्षणं दिसली की बंदूक परवानाधारक आर्मररकडे न्यावी. भिंतीची जाडी मोजायला उपकरण लागतं, डोळ्यांनी ती कळत नाही.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर लगेच बंदूक उघडू नये. तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला ठेवून निदान मिनिटभर थांबावं, काडतूस उशिराही पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर वॅड नळीतच अडकलेला असण्याची शक्यता असते. पुढचा बार करण्याआधी नळी रिकामी करून पाहावी. घाईत दुसरं काडतूस घालणं हीच अशा वेळची मोठी चूक.

आजोबांच्या पेटीतली कागदी काडतुसं पावसाळ्याची हवा लागून फुगतात. पितळेवर हिरवा थर येतो. फुगलेलं काडतूस चेंबरमध्ये दाबून बसवू नये. अशी काडतुसं चुलीत, उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नयेत. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत.

कायद्याच्या चार गोष्टी

परवानाधारकाचं निधन झालं की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवाना नसताना नातवाने "एकदा चालवून बघू" म्हणणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला कमाल दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

घरी काडतुसं भरणं किंवा बंदुकीची दुरुस्ती, तपासणी करून देणं याला वेगळा परवाना लागतो. वरातीत किंवा मिरवणुकीत इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पीक राखणीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. येवला तालुक्यातल्या ममदापूर, राजापूर भागात काळविटांचे कळप शेतात उतरतात, नुकसानही होतं. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. उपाय वन विभागाकडे भरपाईचा अर्ज हाच.

थोडक्यात

• नळीवरचे शिक्के वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नये. कळत नसतील तर आर्मररकडून वाचून घ्यावेत.
• चेंबर 65 चं असेल किंवा लांबी लिहिलेली नसेल तर 70 चं काडतूस नको.
• नायट्रोचा शिक्का नसलेल्या नळीत आजचं काडतूस नको. ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू.
• ग्रॅम कमी म्हणजे दाब कमी, असं नाही. मॅग्नम आणि पोलादी छर्रे जुन्या नळीला नकोत.
• दर वेळी भरण्याआधी नळी आरपार पाहावी.
• फुसका बार झाला की थांबावं, नळी पाहावी, मगच पुढचं.
• शंका असेल तर बंदूक उडवू नये. परवाना पुढे चालवायचा नसेल तर ती जमा करता येते.

सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी बंदूक वापरणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. त्यांची बंदूक रोज खांद्यावर असते, पण वर्षानुवर्षं उघडून पाहिलेली नसते. शिवाय ती माणसांच्या गर्दीत असते. नळी फुटली तर इजा एकट्या रक्षकापुरती राहत नाही.